टॅरो रीडिंग व्यवसाय म्हणून करताना लोकांचा विश्वास कसा बसतो?

गोदाकाठची_मैत्रेयी

नमस्कार मंडळी. मी नाशिकची. एचआरमधली नोकरी सोडून दिवाळीनंतर टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून मार्गदर्शन, पूर्णवेळ करायला घेतलंय. आधी मैत्रिणींना, ऑफिसातल्यांना फुकट पत्ते काढून द्यायचे, तेव्हा सगळ्यांना आवडायचं. पैसे घ्यायला लागल्यापासून मात्र वेगळेच अनुभव येताहेत.

एका गृहस्थांचा फोन आला, "आधी माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगा, पटल्या तर फी पाठवतो." एक बाई सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "त्या दुसऱ्या मॅडमनी तीन महिन्यांत लग्न जमेल असं तारीखवार सांगितलं, तुम्ही नुसत्या गप्पा मारता." ज्यांच्याकडे मी कोर्स केला त्यांचा सल्ला असा की प्रत्येक रीडिंगच्या शेवटी काहीतरी उपाय द्यायचाच, ब्रेसलेट म्हणा, मीठ म्हणा, मेणबत्ती म्हणा. नाहीतर क्लायंट परत येत नाही. मला ते मनापासून पटत नाही, पण घरभाडं तर द्यायचंय.

इन्स्टाच्या बायोमध्ये "प्राचीन इजिप्शियन विद्या, अचूक मार्गदर्शन" असं लिहिलंय. रिव्ह्यू मोजकेच आहेत, त्यातले निम्मे मैत्रिणींचे. जे बरीच वर्षं हे काम करताहेत त्यांनी कृपया सांगा, अनोळखी माणसाचा विश्वास नेमका कशाने बसतो? आणि टॉवर किंवा डेथसारखा भीतीदायक पत्ता निघाला की समोरच्याचा चेहरा उतरतो, तेव्हा काय बोलायचं?

---

पूर्वा_डोंबिवली

मैत्रेयी, मी डोंबिवली पूर्वेला घरातल्याच एका खोलीत रीडिंग करते. त्याआधी एका पतसंस्थेत कर्ज विभागात होते. जामीनदार कागद न वाचता सह्या करायचे आणि हप्ते थकले की आमच्यासमोर येऊन रडायचे. ते इतकं पाहिलंय की आता माझ्या अटी मी कागदावर देऊन थांबत नाही, तोंडाने म्हणून दाखवते. पैसे घेण्याआधी. अगदी याच शब्दांत:

"मला भविष्य दिसत नाही. तुम्ही प्रश्न सांगा, मी पत्ते मांडते, त्या चित्रांवरून आपण तुमच्या प्रश्नाकडे नीट बघू. आजारपण, कोर्टाचा निकाल, मूल मुलगा की मुलगी, चोरी कुणी केली, यावर मी पत्ते काढत नाही. अर्ध्या तासाचे आठशे रुपये. वेळ वाढली तरी तेवढेच. हवं तर रेकॉर्ड करून घ्या."

हे ऐकून काही लोक उठून जातात. जाऊ देत. जे बसतात ते कशासाठी बसलेत हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही.

ते रेकॉर्डिंगचं मुद्दाम सांगते आहे. मीच आग्रह धरते. एक तर माणूस घरी जाऊन आपलं ऐकलेलं बदलतो. "जपून पाऊल टाका" म्हटलेलं असतं आणि घरी सांगताना "बाईंनी नको म्हणून सांगितलं" होऊन जातं. दुसरं, आपला आवाज समोरच्याच्या फोनमध्ये राहणार आहे हे माहीत असलं की जिभेवर आपोआप लगाम राहतो.

आता तुझा तो "दोन गोष्टी सांगा" वाला फोन. ही परीक्षा द्यायचीच नाही. देणं सोपं आहे. "घरात कुणाला तरी गुडघ्याचा त्रास आहे, पैसा येतो पण हातात टिकत नाही, तुम्ही सगळ्यांसाठी करता पण तुमची कदर होत नाही." दहातले आठ जण मान डोलावतील. पण त्यानंतर तो माणूस तुझं बोलणं ऐकायला थांबत नाही, तुझा पुढचा चमत्कार बघायला थांबतो, आणि तुला रोज नवा चमत्कार पुरवावा लागतो. सरळ सांग, मला मनातलं ओळखता येत नाही, तुमचा प्रश्न तुम्हालाच सांगावा लागेल.

बायोमधली इजिप्तची ओळ आजच काढून टाक. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले. मिलानच्या सरदार घराण्यांसाठी सोन्याच्या वर्खाने रंगवलेले त्या काळातले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. इजिप्तची गोष्ट १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने छापली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती, त्यामुळे खोडून काढणारं कुणी नव्हतं. त्यानंतरच्या काही वर्षांत पॅरिसमध्ये एतेला या नावाने काम करणाऱ्या माणसाने टॅरोवरून भविष्य सांगायचा पेशाच उभा केला. आणि आपण बहुतेक जणी ज्या डेकवर, म्हणजे पत्त्यांच्या संचावर, शिकलो तो १९०९ मध्ये लंडनला निघाला. कल्पना आर्थर वेट या लेखकाची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. वर्षानुवर्षं डेकच्या नावात प्रकाशक रायडर आणि वेट, चित्रं काढणारीचं नाव कुठेच नाही. मी क्लायंटला तिचं नाव आवर्जून सांगते. ही चित्रं एका हाडामांसाच्या बाईने काढलीत हे कळलं की लोक पत्त्यांना घाबरायचे कमी होतात, हा माझा अनुभव आहे. आणि गूगल केल्यावर पाच मिनिटांत उघडं पडेल असं काही बायोमध्ये ठेवून वर विश्वास ठेवा म्हणायचं, हे जमत नाही.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. पस्तिशीतले एक गृहस्थ आले. कल्याण-शीळ रस्त्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक केलेला. प्रश्न, "ताबा दिवाळीपर्यंत मिळेल का?" पत्ते पिसायच्या आधी मी विचारलं, करारनाम्याचा फोटो आहे का फोनमध्ये? होता. त्यावरचा महारेराचा नोंदणी क्रमांक त्यांच्याच फोनवर महारेराच्या साइटवर टाकायला लावला. प्रकल्प पूर्ण करायची तारीख पुढच्या वर्षाअखेरची निघाली, मुदतवाढ घेतलेली. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग आता पत्ते कशाला काढायचे?" मी म्हटलं, नको असतील तर फी परत देते.

ते उठले नाहीत. हळूहळू बोलायला लागले. वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे त्यात घातले होते आणि घरी सगळ्यांना दिवाळीत गृहप्रवेश म्हणून सांगून ठेवलं होतं. खरा प्रश्न तो होता. मग तीन पत्ते काढले. मधला एट ऑफ स्वोर्ड्स. त्यात एक बाई आहे, डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोर, आजूबाजूला जमिनीत आठ तलवारी रोवलेल्या, मागे उंचावर किल्ला. मी काहीच बोलले नाही, फक्त पत्ता त्यांच्या बाजूला सरकवला. बघता बघता ते म्हणाले, "हिचे पाय मोकळे आहेत की. आणि समोर तलवार नाहीये." राहिलेला वेळ आम्ही वडिलांना काय सांगायचं, आई समोर असताना सांगायचं की नसताना, कर्जाचा हप्ता आणि घरभाडं दोन्ही अजून वर्षभर कसं निभवायचं, एवढंच बोललो. तारीख महारेराने सांगितली. पत्त्याने त्यांचं तोंड उघडलं. माझं काम त्या दुसऱ्या भागापुरतं आहे असं मी मानते, आणि मला ते काम मोलाचं वाटतं.

उपायांबद्दल. मी काहीही विकत नाही. स्फटिक नाही, ब्रेसलेट नाही, मीठ नाही. ज्या क्षणी माझ्याकडे विकायला वस्तू असेल त्या क्षणी मला प्रत्येकाच्या पत्त्यांत त्या वस्तूची गरज दिसायला लागेल. तुझ्या कोर्सवाल्यांचं म्हणणं एका अर्थाने खरं आहे, उपाय दिला की माणूस परत येतो. पण तो घाबरून येतो.

डेथ निघालं तर पत्ता पटकन लपवू नकोस, आणि "याचा अर्थ बदल हो, फक्त बदल" असं घाईघाईने पुटपुटूही नकोस. घाई केलीस की त्यांना वाटतं बाई काहीतरी झाकतेय. चित्र हातात दे. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर आहे, राजा खाली पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, लहान मूल मान वर करून बघतंय, आणि मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतोय. त्यांना विचार, यातलं तुमचं लक्ष आधी कशाकडे गेलं? आणि स्पष्ट सांग की या पत्त्यावरून कुणाच्या आयुष्याची दोरी मोजता येत नाही. माझ्याकडे एक आजी यायच्या, आजोबा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या रीडिंगला मी डेथ ज्यात येतो ते मोठे बावीस पत्ते बाजूलाच काढून ठेवायचे आणि त्यांना तसं सांगायचे. ज्याला पत्ता बघूनच धडकी भरणार आहे त्याच्यासमोर तो यायलाच हवा असं कुठे आहे?

तोच प्रश्न घेऊन परत परत येणारे. "तो फोन करेल का?" सोमवारी एक उत्तर, गुरुवारी दुसरं. दरम्यान काही नवीन घडलं नसेल तर मी त्या विषयावर पत्ते काढत नाही, पैसेही घेत नाही. धंद्याचं नुकसान होतं का? होतं. पण दुसऱ्याच्या तळमळीवर माझं महिन्याचं गणित बसवायचं नाही हे मी सुरुवातीलाच ठरवलं आहे.

आणि एक व्यवहाराचं. तुझं नाव, फोटो उचलून खोटं अकाउंट काढणारे लोक तुझ्या फॉलोअर्सना मेसेज करतात, "तुमच्याभोवती नकारात्मक ऊर्जा दिसतेय, पाचशे पाठवा." टॅरोवाल्यांच्या बाबतीत हे सर्रास चालतं. पानावर वरच पिन करून ठेव की मी कुणालाही आपणहून मेसेज करत नाही आणि पैसे फक्त या एकाच यूपीआय आयडीवर घेते. असं अकाउंट दिसलं तर स्क्रीनशॉट घेऊन १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार कर.

---

चिंचवडकर_७८

मी क्लायंटच्या बाजूने सांगतो. कंपनीने कपात केली तेव्हा बायकोच्या मैत्रिणीच्या ओळखीने एका टॅरोवाल्या ताईंकडे गेलो होतो. माझा अजिबात विश्वास नव्हता, घरात बसवेना म्हणून गेलो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पीएफ काढलाय का, मेडिक्लेम कंपनीचा होता का, स्वतःचा घेतलाय का? मला वाटलं चुकून विमा एजंटकडे आलो. पण त्या कपातीच्या दिवसापासून मला इतकं साधं कुणी काही विचारलंच नव्हतं. निघताना म्हणाल्या, "या महिन्यात परत येऊ नका, आधी पाच ठिकाणी अर्ज करा, मग वाटलं तर या." त्या "परत येऊ नका" ने मला जिंकलं.

याउलट माझी मावसबहीण एका ॲपवर मिनिटाच्या दराने बोलते. समोरची व्यक्ती नुसती "हं, थांबा, पत्ते बघते" म्हणत वेळ काढते आणि मीटर पळत असतं. मैत्रेयीताई, मिनिटावर पैसे घेऊ नका. ठरलेली फी सांगा.

---

कृष्णाकाठ_विवेक

मी सांगलीचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. पत्त्यांना पुढचं कळतं यावर माझा विश्वास नाही आणि बसणारही नाही, तरी पूर्वाताईंचं "मला भविष्य दिसत नाही" हे वाक्य वाचून थांबलो. मैत्रेयीताईंना दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि प्रत्येकाला "खास तुमचं" म्हणून स्वभाववर्णन वाटलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, बराचसा बाजारातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. "तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत" असं कुणी म्हणालं की हे आठवा. तुमचे मैत्रिणींवेळचे सगळे कौतुकाचे शब्द यात बसतात.

दुसरं कायद्याचं. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. ज्योतिषांचा सल्ला त्यातून वगळलेला आहे, म्हणून अनेकांना वाटतं आपल्याला काही लागू नाही. पण भूतबाधा, करणी सांगून भीती घातली, त्यापायी कुणाचे वैद्यकीय उपचार थांबवले, तर सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड आहे. शिवाय ताईत, मंत्र, कवच यांनी आजार बरा होतो अशा जाहिरातींवर १९५४ पासूनचा केंद्राचा कायदा आहे. तुमच्या कोर्सवाल्यांचं "उपाय द्यायचाच" हे त्या उंबरठ्याच्या फार जवळ आहे.

पूर्वाताईंना प्रश्न: आजारावर पत्ते काढत नाही म्हणता, पण विषय निघतोच ना?

---

पूर्वा_डोंबिवली

विवेकदादा, निघतोच. बायका तर सगळं बोलून झाल्यावर दाराशी चप्पल घालताना सांगतात. "छातीत गाठ लागतेय, सहा महिने झाले, काही नसेल ना हो?" तेव्हा टेबलावर परत बसवायचं नाही, पत्त्यांकडे हातसुद्धा न्यायचा नाही. मी तिथेच उभ्याने विचारते, कुणाला दाखवलं? नाही म्हणाली की नवऱ्याला किंवा बहिणीला माझ्यासमोर फोन करायला लावते आणि डॉक्टरची वेळ घेतल्याशिवाय सोडत नाही. यात माझं रीडिंग कुठेच नाही.

फोररचा प्रयोग मी वाचलेला आहे आणि त्यावरून स्वतःला एक नियम लावून घेतलाय. जे वाक्य मी आधीच्या क्लायंटलाही म्हणू शकले असते ते म्हणायचं नाही. "तुम्ही फार सहन केलंय" हे कुणालाही चालतं, म्हणून बाद. "तुम्ही भावाबद्दल बोलताना दोनदा वहिनीचं नाव घेतलंत आणि दोन्हीदा थांबलात" हे फक्त त्या माणसाचं आहे. ते पत्त्यातून आलेलं नाही, ऐकण्यातून आलंय, आणि मी तसंच सांगते.

---

स्लाउ_मराठी

मी इंग्लंडमध्ये स्लाउला राहते, हौस म्हणून शनिवार-रविवार रीडिंग करते. इथे आत्म्यांशी बोलतो असं भासवून फसवणाऱ्यांविरुद्ध १९५१ चा एक कायदा होता, तो २००८ मध्ये रद्द होऊन हा सगळा प्रकार ग्राहक संरक्षणाच्या नियमांखाली आला. तेव्हापासून अनेक रीडर "केवळ मनोरंजनासाठी" अशी ओळ छापतात. पूर्वा, तुझं तोंडी सांगणं वाचून वाटलं, आपल्याकडेही तशी ओळ कागदावर असावी का?

---

पूर्वा_डोंबिवली

असू दे, पण तिच्यावर भिस्त नको. घटस्फोटाचे कागद पिशवीत घेऊन आलेल्या बाईला "हे मनोरंजन आहे" म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. ती करमणुकीला आलेली नाही, आणि मी तिच्यासमोर तसं बसलेलीही नसते. भविष्य कळत नाही हे सांगणं खरं आहे, ते पुरे आहे.

---

गोदाकाठची_मैत्रेयी

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्वाताई, अजून दोन गोष्टी विचारते. परवा रात्री अकराला एका क्लायंटचा मेसेज आला, "सगळं संपवावंसं वाटतं, एक पत्ता काढून सांगा पुढे काही चांगलं आहे का." मी घाबरले, सकाळपर्यंत बोलत राहिले. आता त्या बऱ्या आहेत, पण पुन्हा असं झालं तर? आणि दुसरं, शनिवारी एक काकू यायच्या आहेत, त्यांना सुनेच्या मनात काय आहे ते जाणून घ्यायचंय.

---

पूर्वा_डोंबिवली

तू त्यांना एकटं सोडलं नाहीस, हे फार चांगलं केलंस. असा मेसेज आला की पत्ता काढायचा नाही, "चांगला" निघेल अशी आशा असली तरी नाही. समज वाईट निघाला तर काय करशील? लगेच फोन लाव आणि आडवळण न घेता विचार, जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्याने विचार डोक्यात भरवला जातो ही समजूत चुकीची आहे. सोबत आत्ता कोण आहे ते विचार, त्यांच्याशी बोल. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर त्यांना दे. सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो फोन लागेपर्यंत तू लाइनवर राहा. हातात गोळ्या वगैरे असतील किंवा त्या फोन उचलत नसतील तर थेट ११२. त्यासाठी आत्तापासूनच प्रत्येक नव्या क्लायंटकडून जवळच्या एका माणसाचा नंबर मागून ठेव, कशासाठी ते सांगून. माझ्या अनुभवात नंबर द्यायला जवळजवळ कुणी नाही म्हणत नाही. आणि एक रात्र तू जागलीस, दर वेळी तुलाच जागावं लागेल असं करू नकोस. ते काम येणारी माणसं आहेत, त्यांच्यापर्यंत पोचवणं हे तुझं काम.

काकूंना शनिवारच्या आधीच फोन कर. त्या रिक्षाचे पैसे खर्चून आल्यावर नाही म्हणू नकोस. सांग, "काकू, सून समोर नसताना तिच्या मनात काय आहे ते मी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी ते खरं असेलच असं नाही. तुम्हाला घरात कशाचा त्रास होतोय, त्यावर बसू या." माझ्याकडे अशा काकू बऱ्याच येतात. अर्ध्या म्हणतात मग नको. उरलेल्या येतात, आणि बहुतेकींचा विषय सुनेवरून सुरू होऊन स्वयंपाकघराची सूत्रं कुणाकडे आणि मुलाने आईशी बोलणं का कमी केलं, इथे येतो. मुलाशी कधी बोलायचं, कुठल्या वाक्याने सुरुवात करायची, एवढं ठरवून दे. आणि त्यांना आधीच सांग, सूनबाई उद्या स्वतः तुझ्याकडे आल्या तर त्यांचं बोलणंही तू काकूंना सांगणार नाहीस.